तांबटाचं दार पलीकडे

जगात रिकाम्या फांद्यांचे सर्वांत जास्त फोटो कुणी काढले असतील, तर ते वाराणसीच्या आमच्या घरमालकांनी. पेरूची फांदी, तुतीची फांदी, शेवग्याची फांदी, जास्वंदीचं टोक, तुळशीवृंदावनाचा कोपरा, नळाची तोटी, असे शेकडो फोटो त्यांच्या संगणकात आहेत आणि एकातही पक्षी नाही. मी पहिल्यांदा ते बघायला बसले तेव्हा मला वाटलं, काकांना झाडांची आवड आहे. काका म्हणाले, "हा बघ हळद्या." मी डोळे ताणून बघितलं. "कुठाय काका?" "आत्ता गेला. डाल हिलतेय, दिसत नाही?" आणि खरंच, नीट पाहिलं तर फांदीचं टोक थोडं पुसट आलेलं होतं. त्या पुसटपणाकडे बोट दाखवून काका हळद्याचा रंग, त्याचा डोळा, त्याची मान वळवायची ढब यांचं असं वर्णन करायचे, की पाच मिनिटांनी मलाही त्या फांदीवर पिवळं काहीतरी दिसायला लागायचं.

बँकेच्या बदलीनं मी साताऱ्याहून वाराणसीला गेले आणि महमूरगंजमध्ये त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिले. त्यांचं मराठी घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी रामघाटावर येऊन स्थायिक झालेलं. तिथल्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं, म्हणून त्यांच्या वडिलांनी इकडे जागा घेऊन घर बांधलं आणि भोवती बाग केली. काका रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक कॅमेरा घेतला, लांब नळकांड्याचा, आणि बागेत वेताची खुर्ची टाकली. तिथून पुढे त्या घरात माणसं पाहुण्यासारखी राहू लागली आणि पक्षी घरच्यासारखे.

रिकाम्या फांद्यांचं कारण कॅमेरा नव्हता. काकांचा हातही वाईट नव्हता. कारण होतं त्यांच्या आईनं लावलेलं वळण. जेवणाऱ्याकडे टक लावून बघायचं नाही, हे त्यांना लहानपणी शिकवलेलं. त्यामुळे पक्षी काही खात असला की काका कॅमेरा खाली घेत. आंघोळ करणाऱ्याकडे तर बघायचंच नाही. मातीच्या परातीत बुलबुल पंख फडफडवायला लागली की ते खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसत. भांडण चाललं असेल तर मधे पडायचं नाही. नर मादीला गाणं ऐकवत असेल तर खाकरून उठून जायचं. आता खाणं, न्हाणं, भांडणं आणि गाणं वजा केलं तर पक्ष्याच्या आयुष्यात उडून जाण्याखेरीज उरतं काय? तेवढाच क्षण काकांच्या वाट्याला यायचा. मी एकदा न राहवून म्हटलं, "काका, तुती खाताना काढा की. खाण्यात गुंग असतो तेव्हा हलत नाही तो." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पंगतीत कुणाच्या पानातली जिलबी उचलली होती. "बेटा, जेवण होऊ दे त्याचं. नंतर काढू." जेवण झालं. हळद्यानं चोच फांदीला दोन्ही बाजूंनी स्वच्छ पुसली आणि तो गेला. काकांनी फांदीचा फोटो काढला.

फाटकावर ते झेंडी लावायचे. जुनी सवय, काकूंकडून त्यांनी एक हिरवी आणि एक लाल झेंडी शिवून घेतली होती. हिरवी असेल तर आत या. लाल असेल तर बागेत कुणीतरी आलंय, बाहेर थांबा. दूधवाला थांबायचा, सिलेंडरवाला सिलेंडर खांद्यावरून न उतरवता थांबायचा, काकूंची भिशीची मंडळी उन्हात छत्र्या उघडून थांबायची. मला एकदा बँकेत पोहोचायला उशीर झाला तेव्हा मॅनेजरसाहेबांनी कारण विचारलं. "घरमालकांनी लाल झेंडी दाखवली, दयाळ पक्षी अंगणात उतरला होता" हे त्यांना हिंदीत कसं समजवावं ते मला सुचेना. मी पोट बिघडल्याचं सांगितलं.

कपड्यांचंही तसंच. मी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात काका जिना चढून वर आले आणि अगदी अदबीनं म्हणाले, "दोरीवरची ती लाल ओढणी जरा उतरवशील? दयाळ नाराज आहे." काकूंच्या साड्या हळूहळू मातकट, खाकी, शेवाळी होत गेल्या होत्या. कुणाच्या लग्नाला जायचं झालं, तर त्या आत बनारसी शालू नेसून वरून काकांची करडी शाल गुंडाळायच्या, बाग ओलांडायच्या, आणि फाटकाबाहेर रिक्षात बसल्यावर शाल काढून मला द्यायच्या. "काशीत राहून रेशीम लपवून न्यावं लागतं, असं माझ्या माहेरी कुणाला सांगू नकोस," म्हणायच्या. कुकरची शिट्टी सकाळी बंद होती, वरण पातेल्यात शिजायचं. काकू कुरकुर करायच्या, पण पाखरांसाठी परातीत ताजं पाणी घालायचं काम त्यांनी काकांना कधी करू दिलं नाही.

आणि माकडाची गोष्ट सांगायलाच हवी. वाराणसीत माकडांचं राज्य आहे, त्यांना लाल झेंडी कळत नाही. एका दुपारी काका खुर्चीत पेंगत असताना एका माकडानं कॅमेरा उचलला आणि तो घेऊन ते पेरूवर जाऊन बसलं. काका जागे होऊन "अरे भैया, अरे भैया" करत खाली उभे. काकूंनी केळी दाखवली तेव्हा कुठे कॅमेरा गवतात पडला. त्यात नवीन एक फोटो निघाला: काका, तोंड उघडं, दोन्ही हात आभाळाकडे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. काकांच्या संग्रहातला तेवढा एकच फोटो लख्ख आलाय. काकूंनी तो मोठा करून बैठकीत लावला. आल्यागेल्याला सांगायच्या, "याला म्हणतात फोटो. समोरचा काय करतोय याचा विचार केला नाही त्यानं."

हे सगळं गमतीचं. पण त्या बागेच्या डाव्या अंगाला एक भिंत होती, पुरुषभर उंचीची, आणि तिच्याकडे बघून घरात कुणी हसत नसे. पलीकडे काकांचे थोरले भाऊ राहत. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, एकटे. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली. दोघा भावांत बोलणं नव्हतं. काकूंनी मला एवढंच सांगितलं होतं, की पूर्वी भिंत नव्हती, मधोमध जांभळाचं झाड होतं, वडिलांनी लावलेलं. एका पावसाळ्यात अंगणात पडलेल्या जांभळांवरून सासूबाईंचा पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्या अंथरुणातून पुन्हा उठल्या नाहीत. काका तेव्हा गाडी घेऊन झाशीकडे गेलेले, काकू माहेरी. परत आले तेव्हा आई खाटेवर आणि झाडाच्या जागी नुसता खुंट. "झाडू मारता आला असता," काका म्हणाले. "मारायला तू होतास का इथं?" थोरले म्हणाले. एवढ्यावर बोलणं संपलं. आई गेल्यावर भिंत आली.

काका त्याविषयी बोलत नसत. एकदाच, कुठल्याशा फांदीचा फोटो मला दाखवता दाखवता ते म्हणाले होते, "काय आहे बेटा, मी जिंदगीभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसलो. जे जे दिसलं ते मागं पडल्यावरच दिसलं." मग त्यांनी पुढचा फोटो लावला.

माझ्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी, थंडी सरता सरता, शेवग्याच्या एका वाळलेल्या फांदीतून ठकठक ऐकू यायला लागली. तांबट होता. चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळावर लाल टिळा, गळा पिवळा, आणि दिवसभर लांबून तांब्याच्या भांड्यावर कुणी हातोडी मारावी तसं टुक्‌ टुक्‌ टुक्‌. जोडी आळीपाळीनं चोचीनं लाकूड कोरत होती. काकांचा आनंद गगनात मावेना. घर बांधणाऱ्याचा फोटो काढायला त्यांच्या नियमात कुठलीच आडकाठी नव्हती. ते काही जेवण नव्हे, न्हाणं नव्हे. त्यांनी खुर्ची इकडून टाकून पाहिली, तिकडून टाकून पाहिली, शेवटी स्टुलावर चढले, आणि उतरले तेव्हा चेहरा उतरलेला.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"दार पलीकडे आहे."

झाड काकांचं, पण ती फांदी भिंतीवरून थोरल्यांच्या अंगणात झुकलेली, आणि तांबटानं भोक पाडलं होतं ते बरोबर तिच्या पलीकडच्या पोटाला. आमच्या बागेतून फक्त आवाज यायचा आणि भुसा उडताना दिसायचा. काकू म्हणाल्या, "सातभाई बघा, सात जण एका फांदीवर खेटून बसतात. आमच्याकडे दोनच, तर मधे भिंत." काका खुर्ची भिंतीला लावून बसू लागले, कान वर करून.

पुढच्याच आठवड्यात मी बँकेत निघाले असताना थोरले त्यांच्या फाटकात अखबार घेऊन उभे होते. माझ्याशी ते बोलत असत. मी भाडेकरू, मला कुठल्याच बाजूचं पाप नव्हतं. म्हणाले, "त्याला सांग, सहजनची डाल सुकून गेलीय. कधीपण गिरेल. उतरवून टाकायला हवी."

शेवग्याच्या फांदीचा हा निरोप मी संध्याकाळी सांगितला आणि काकांनी चहा तसाच खाली ठेवला. "उतरवणार," ते म्हणाले. "मला माहीत होतं. त्याला झाड दिसलं की कुऱ्हाड दिसते." त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी पक्ष्यांकडे बघणं सोडलं आणि भिंतीकडे बघायला लागले. फाटकाबाहेर कुणाची सायकल थांबली तरी लाकूडतोड्या आला वाटून उठायचे. काकू मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "तू जा गं. तू बाहेरची आहेस, तुझं ऐकतील."

मी गेले. थोरल्यांचं अंगण मी पहिल्यांदाच पाहत होते. फरशी लख्ख झाडलेली, एक पानही नाही. शेवग्याची फांदी वर आडवी आली होती आणि तिच्या पोटाला सुबक गोल भोक होतं, कंपासानं काढल्यासारखं. मी म्हटलं, "काका घाबरलेत. तुम्ही फांदी तोडाल म्हणून."

त्यांनी वर भोकाकडे बघितलं. मग म्हणाले, "मी काय कसाई आहे? तेव्हा भोक दिसलं नव्हतं मला. दुसऱ्या दिवशी एक चिमणीएवढं पाखरू आत शिरलं, तेव्हा कळलं." आणि माझ्याकडे न बघता बोलू लागले. "आई पडली तेव्हा मीही घरी नव्हतो. शाळा सुटल्यावर घाटावर मित्राशी गप्पा मारत बसलो होतो. ती अंगणात एकटी पडून होती. कोणावर काढणार राग? झाडावर काढला. आणि त्याला विचारलं, तू कुठं होतास." त्यांनी अखबाराची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "हे त्याला बोलू नकोस. बोलायचं तर मी बोलेन."

मी काकांना एवढंच सांगितलं, की फांदी तुटणार नाही. त्यांनी विश्वास ठेवला नाही.

चैत्र संपता संपता एका रविवारी दुपारी आंधी आली. वाराणसीची आंधी म्हणजे आभाळ आधी पिवळं होतं, मग मातकट, मग दिसेनासं होतं. दारं आपटायला लागली, कुणाचा तरी पत्रा गल्लीतून खडखडत गेला. फांदीच्या भोकात तेव्हा पिल्लं होती. त्यांची चिरचिर आम्हाला भिंतीअलीकडून रोज ऐकू यायची. आम्ही खिडक्या लावत होतो तेवढ्यात शेवग्याकडून कर्र असा आवाज आला आणि काका दोरीचं वेटोळं घेऊन बाहेर पळाले. काकू त्यांचा कुर्ता धरून मागं, मी काकूंच्या मागं. फांदी बुंध्यापाशी चिरली होती आणि वाऱ्याबरोबर वरखाली होत होती. काका स्टुलावर चढले. पण भिंतीपलीकडे कुणीतरी आधीच होतं. एक लांब बांबू फांदीखाली टेकू देऊन उभा होता आणि तो थरथरत होता.

काका थबकले. मग ओरडले, "दोरी फेकतोय! धर!"

"फेक!"

दोरी भिंतीवरून गेली.

"धरली! आता खालून घालतो. तिकडून खेच!"

"हळू! आत पिल्लं आहेत!"

"माहीत आहे रे, बावळटा! खेच आता!"

काकांनी खेचलं. मी आणि काकूंनीही दोरीला हात लावला. फांदी करकरत वर आली, बुंध्याला लागली, काकांनी तिला सात-आठ वेढे घातले आणि रेल्वेत शिकलेली कसलीशी गाठ मारली. पलीकडे थोरल्यांनी दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधलं. आमच्या तोंडात, केसांत, डोळ्यांत धूळ. काकू तशाच उभ्या राहून मला म्हणाल्या, "बोलले गं."

वारा पडल्यावर काका गाठ पलीकडून बघायला म्हणून निघाले. फाटकातून बाहेर पडून शेजारच्या फाटकापर्यंत गेले आणि तिथं खिळून उभे राहिले. थोरले अंगणात धूळ झटकत होते. म्हणाले, "आता काय लाल झेंडी लावलीय का मी? ये आत."

काका आत गेले. मान वर करून त्यांनी ते दार पाहिलं. आतून एक मोठं, कुरूप, केसाळ चोचीचं तोंड बाहेर आलं आणि भूक लागल्याचं ओरडून सांगू लागलं. दोघं बघत राहिले. मी फाटकाशी होते. थोरल्यांनी मला पाहिलं नसावं, किंवा पाहिलं तरी पर्वा केली नसावी.

"त्या दिवशी मीही घरी नव्हतो रे," ते म्हणाले. "आई पडली तेव्हा."

काका वरच बघत होते. "माहीत आहे. आईनं सांगितलं होतं मला."

"कधी?"

"तेव्हाच. मी आलो त्या दिवशी."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो."

थोरले फरशीवरच बसले. काकाही गुडघे धरत धरत शेजारी बसले. काकूंनी मला हाताला धरून घरात नेलं आणि चहाचं आधण ठेवलं, दोन घरांना पुरेल एवढं.

नंतरचे काही दिवस काकांची वेताची खुर्ची पलीकडच्या अंगणात होती. कॅमेरा दाराकडे रोखलेला. पण आता अडचण दुसरीच होती. थोरल्यांना हळू बोलायची सवय नाही, आयुष्यभर मागच्या बाकापर्यंत पोहोचणारा आवाज. पिल्लानं डोकं काढलं की ते "काढ! काढ! अरे काढ ना!" असं ओरडत आणि पिल्लू आत जाई. मग काका चिडत, थोरले त्याहून चिडत, आणि दोघं तासभर एकमेकांना दोष देत बसत. ते ऐकायला काकू मुद्दाम भिंतीजवळ भाजी निवडत बसायच्या. पिल्लं उडाली त्या सकाळी मीही तिथं होते. पहिलं पिल्लू भोकाच्या काठावर आलं, बराच वेळ घाबरून बसलं, आई पेरूवरून हाका मारत होती, आणि मग ते एकदम सुटलं, वेडंवाकडं, भिंतीवरून, थेट आमच्या बागेत. दोघेही म्हातारे खुर्च्यांतून उठून उभे राहिले होते. कॅमेरा काकांच्या मांडीवरून केव्हा खाली घसरला ते त्यांनाही कळलं नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर माझी पुण्याला बदली झाली. निघायच्या दिवशी माझं सामान ई-रिक्षात चढवायला दोघं आले. पेटी आधी ठेवायची की गादी, यावर त्यांचं जमेना. थोरले म्हणत, जड खाली. काका म्हणत, मोठं आधी. रिक्षावाला वैतागून विडी ओढत बसला. शेवटी काकूंनी दोघांना बाजूला केलं आणि स्वतः सामान लावलं. त्यांनी माझ्या हातात लाडवांचा डबा दिला आणि म्हणाल्या, "येत जा गं. माणसं आली की बरं वाटतं." मी वाकून नमस्कार केला. काकांनी डोक्यावर हात ठेवला, थोरल्यांनी संस्कृतात आशीर्वाद दिला, बराच लांब, रिक्षा सुरू झाली तरी तो चालूच होता.

गल्लीच्या वळणावर मी मागं पाहिलं. काकू आत गेल्या होत्या. दोघं अजून रस्त्यात उभे होते, दोघांची टकलं उन्हात चमकत होती, दोघांचे हात कपाळावर, डोळ्यांवर सावली धरून. त्यातले काका कोणते, ते मी ओळखायचा प्रयत्न केला. इतकी वर्षं मी त्यांना रोज पाहत होते, तरी तेवढ्या अंतरावरून मला ते सांगता येईना.